शेंगदाण्याच्या तेलाचा कार्तिक

आमच्या पुण्याच्या घरी दिवाळी आली की सगळ्यांच्या माना वर व्हायच्या. कंदील कुठल्या कोपऱ्यात टांगायचा, वायर कुठल्या खिडकीतून काढायची, समोरच्यांच्या कंदिलापेक्षा आपला चार बोटं वर दिसतो की नाही, हेच वादाचे विषय. वडील स्टुलावर, आई स्टूल धरून खाली, आणि मी भर रस्त्यात उभी राहून हात नाचवत "डावीकडे, अजून डावीकडे" करत असायची. मागून येणारे सायकलवाले थांबायचे आणि तेही दोन सूचना देऊन पुढे जायचे. त्यामुळे माझी अशी ठाम समजूत होती की उजेड ही टांगायची वस्तू आहे.

नव्वदच्या दशकात लग्न होऊन बंगळुरात आले आणि ही समजूत उंबऱ्यावर अडखळून पडली. इथे उजेड जमिनीवर ठेवतात.

जयनगरची आमची गल्ली झाडांनी इतकी भरलेली होती की रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड पानांतच खर्ची पडायचा. नोव्हेंबर उजाडला की संध्याकाळी सहाच्या सुमारास गल्लीत कोणीतरी घोंगडं टाकल्यासारखा अंधार. थंडी म्हणावी अशी काही नसायची, पण बंगळुरी माणसं तिचं स्वागत फार मनापासून करतात. पुण्यात ज्या हवेत आम्ही आइस्क्रीम खायचो, त्या हवेत इथले आजोबा कानटोपी, मफलर आणि स्वेटर घालून दूध आणायला निघायचे. माझा नवरा बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात होता. कंपनीच्या बसमधून उतरून तो गल्लीत शिरायचा तो घरं ओळखतच. आधी एक मोगऱ्याचा वास, मग एक भुंकणारं कुत्रं, मग आमचं फाटक.

ते फाटक मिळालं कसं, ते सांगायलाच हवं. त्याआधी आम्ही एका खोलीत राहत होतो. तिला एकच खिडकी होती आणि ती शेजारच्या घराच्या भिंतीकडे तोंड करून रुसून बसलेली. भर दुपारी ट्यूबलाइट लावून मी तांदूळ निवडायची. असे तीन-चार महिने तळघरातल्या बटाट्यासारखे काढल्यावर कोणीतरी या घराचं सांगितलं. वरचा मजला, बाहेरून जिना, पूर्वेला दोन खिडक्या, आणि गच्चीच्या कठड्याला टेकलेला सोनचाफा. मी आत पाऊल टाकलं आणि सकाळचं ऊन स्वयंपाकाच्या ओट्यावर बसलेलं पाहिलं. तिथेच ठरवलं की आता मला इथून हलवायचं तर उचलून न्यावं लागेल.

पण ठरवणारी मी नव्हते. ठरवणाऱ्या होत्या अज्जी. खालच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. नऊवारीला शोभतील असे खांदे, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि नजर अशी की समोरच्यानं आपोआप पाय जुळवून उभं राहावं. मूळच्या म्हैसूरकडच्या, पण नवऱ्याच्या नोकरीमुळे काही वर्षं हुबळीला काढलेली. तिथल्या मराठी शेजारणींकडून उचललेली मराठी त्या माझ्यासाठी कपाटातून बाहेर काढायच्या. तिला जरा डांबराच्या गोळ्यांचा वास होता, पण ती चालायची.

"मांस?" त्यांनी विचारलं.

"नाही, अज्जी."

"कुत्रा?"

"नाही."

"हा गातो का?" त्यांनी माझ्या नवऱ्याकडे हनुवटी केली.

"न्हाणीघरातसुद्धा नाही," मी म्हणाले.

"सरी, ठीक. आता ऐका. कार्तिकात दिवा लावावा लागेल."

मग त्यांनी समजावून सांगितलं. हे घर बांधलं तेव्हापासून कार्तिक महिनाभर, दिवस मावळताना, खालच्या उंबऱ्याच्या दोन बाजूंना दोन पणत्या आणि तुळशीपाशी एक, असा नेम होता. एकही वर्ष, एकही संध्याकाळ चुकली नव्हती. यजमान गेले त्या वर्षीही शेजारणीनं येऊन लावल्या होत्या. पण यंदा म्हैसूरची लेक बाळंत व्हायची होती. दिवाळीआधीच जावं लागणार, आणि कार्तिक संपल्याशिवाय परतता येणार नव्हतं.

"रोज लावायचा?" नवऱ्यानं विचारलं. त्याला सगळ्या गोष्टींचं वेळापत्रक लागतं.

"कार्तिक रोज असतो," अज्जी म्हणाल्या. "करंट असो, नसो. आता राहा तुम्ही. मी आल्यावर बघते. मग घराचं सांगते."

म्हणजे आम्ही परीक्षेला बसलो होतो, आणि निकाल कार्तिक अमावास्येला होता.

अज्जी गेल्या. मी पणत्या घासून ठेवल्या, वाती वळल्या, आणि मग माझ्यातली पुणेकरीण जागी झाली. पणत्या ठीक आहेत, पण कंदील नको? दिवाळीत ज्या घरावर कंदील नाही त्या घरात माणसं राहतात असं आमच्या आईला कधी वाटलंच नसतं. तिचा आणखी एक नियम होता. कंदील एकदा वर चढला की कार्तिक संपेपर्यंत उतरायचा नाही.

नवऱ्याला रविवारी बरोबर घेऊन मी कंदील शोधायला निघाले. बंगळुरात कंदील मागणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला अभिनय करूनच दाखवायला हवं. मी दुकानदारापुढे दोन्ही हात डोक्यावर नेऊन टोपलीचा आकार केला, बोटांनी खालच्या झिरमिळ्या हलवल्या, मग बोटानं आकाश दाखवलं. एकानं मला झुंबर दाखवलं. दुसऱ्यानं कोळ्याची जाळी काढायचा लांब झाडू आणला. नवरा लांब उभा राहून ही बाई आपल्याबरोबर नाही असा चेहरा करून होता. शेवटी शिवाजीनगरला एका दुकानात वर छताला टांगलेला दिसला. लाल कागदाची, पाच टोकांची, भोकाभोकांतून उजेड सांडणारी चांदणी. आमच्याकडेही चांदणीचे कंदील असतातच की.

"तो द्या," मी म्हणाले.

दुकानदार म्हणाला, "माल आत्ताच आलाय. तुम्ही पहिल्याच."

त्या वर्षी अधिक महिना आला होता. सगळे सण पुढे सरकले होते आणि दिवाळी नोव्हेंबरच्या मध्यावर येऊन बसली होती. तो माल कशासाठी आलाय, हे पुण्याच्या माणसाला सुचण्याचं काही कारण नव्हतं.

कंदील लागला. सोनचाफ्याच्या फांदीच्या वर, गच्चीच्या लोखंडी काठीला. काय दिसायचा म्हणून सांगू. अख्ख्या काळोख्या गल्लीत आमचाच एक लाल तारा. खाली माझ्या दोन पणत्या, तुळशीपाशी तिसरी. नवरा म्हणाला, आता मोगरा आणि कुत्रं दोन्ही रिटायर झाले, कोपऱ्यावरूनच घर दिसतं. दिवाळी झाली, भाऊबीज झाली, गल्लीतल्या घराघरांच्या उंबऱ्यावर पणत्या तेवत राहिल्या, आणि मीही रोज न चुकता खाली उतरून फोडणीच्या किटलीतलं तेल घालून माझ्या पणत्या लावत राहिले. हळूहळू मला ते आवडायलाच लागलं. कंदिलाचं बटण दाबलं की काम संपतं. पणतीपाशी जरा वेळ उकिडवं बसावं लागतं, वाऱ्याशी भांडावं लागतं. समोरची बाईही तिच्या उंबऱ्याशी तशीच बसलेली असते आणि दोघी एकमेकींना मान हलवतो. मध्येच एका संध्याकाळी पलीकडच्या तमिळ घरानं एकदम अंगणभर ओळीनं दिवे मांडले. मला वाटलं, बिचाऱ्यांना दिवाळी उशिरा आठवली. दुसऱ्या दिवशी कळलं की त्यांची दिव्यांची मोठी रात्र ती, आणि त्यांच्या मते आम्हीच घाई केली होती.

पण खरी खळबळ वेगळ्याच घरात माजली होती. आमच्या समोर तिरकं एक मंगळुरी ख्रिस्ती जोडपं राहत होतं. अंकल निवृत्त होते, पँट छातीपर्यंत ओढून वर हातविणीचा बिनबाह्यांचा स्वेटर घालायचे आणि चर्चचं गायकमंडळ, म्हणजे क्वायर, चालवायचे. गल्लीतला पहिला तारा दर डिसेंबरच्या पहिल्या दिवशी त्यांच्या घरावर लागायचा. कित्येक वर्षं. त्यांच्या आधी लावायची कोणाची छाती नव्हती.

एका संध्याकाळी ते फाटकाशी येऊन उभे राहिले. मी पणतीपाशी बसले होते. ते कोंकणीत बोलायचे आणि मी मराठीत. आमच्या दोघांच्या भाषा चुलत बहिणींसारख्या एकमेकींना ओळखून होत्या.

"बाय," ते म्हणाले, "तुजें स्टार सोबीत आसा. पूण भोव बेगीन."

"लवकर कसला, अंकल? वेळेवरच लावलाय."

त्यांनी वर ताऱ्याकडे पाहिलं, खाली पणत्यांकडे पाहिलं, आणि जरा गोंधळले. "तुमी खंयचीं?"

"पुण्याचे."

"पुण्यांत इगर्ज खंयची तुमची?"

इगर्ज म्हणजे चर्च, हे मला त्यांनी हातानं क्रूस दाखवला तेव्हा कळलं. आणि मग त्या क्षणी शिवाजीनगरचं ते दुकान, आत्ताच आलेला माल, तुम्ही पहिल्याच, हे सगळं माझ्या डोळ्यांपुढे एका ओळीत येऊन उभं राहिलं.

"अंकल," मी म्हणाले, "हा दिवाळीचा आहे."

"दिवाळी जावून किती दीस जाले?"

"कार्तिक संपेपर्यंत ठेवतात आमच्यात."

अंकल फाटकाला धरून इतके हसले की आंटी धावत बाहेर आल्या. त्यांना अंकलनी काय सांगितलं ते नीट कळलं नाही, पण त्याही हसायला लागल्या. मग अंकल एकदम गंभीर झाले. "पूण बाय, एक कष्ट आसा. पहिलें स्टार ज्या घरार, थंय आमचें क्वायर पहिलें गायता. हांवें तांकां सांगून सोडलां."

"काय सांगितलंत?"

"तुजें घर."

नवरा घरी आल्यावर मी हे त्याला सांगितलं. तो बूट काढता काढता थांबला. एक बूट पायात, एक हातात.

"कधी येणार ते?"

"अमावास्येला. पुढचे दिवस त्यांना लांबच्या गल्ल्यांत जायचंय."

"अज्जी कधी येणार?"

"अमावास्या झाल्यावर. दुसऱ्या दिवशी."

"आणि आधी आल्या तर? त्यांच्या घरावर नाताळचा तारा, दारात गिटार. निकाल लागला म्हणून समज. उतरव तो कंदील."

"कार्तिकात कंदील उतरवत नाहीत."

"तो कंदील नाहीये, तारा आहे."

"मी लावला तेव्हा कंदील होता," मी म्हणाले. त्यानं दुसरा बूट काढला आणि त्या जुन्या खोलीच्या खिडकीबाहेरच्या भिंतीला कोणता रंग होता, हे मला मुद्दाम आठवून सांगितलं.

खरं सांगते, मीही घाबरले होते. सकाळी ओट्यावर ऊन आलं की मी त्याला निरोपाच्या नजरेनं बघायला लागले. पण अंकलना नको म्हणणं जमेना. त्यातच आंटींनी ताटलीभर कुलकुल पाठवले. शंकरपाळ्याचे शंखाच्या आकाराचे मावसभाऊच ते. बरोबर निरोप होता, "अज्जीच्या घरांत अंडें चलना, म्हाका खबर आसा. हांतूंत अंडें ना." इतकी वर्षं समोरासमोर राहिल्यावर माणसं एकमेकांच्या स्वयंपाकघरांचे कायदे पाठ करतात.

अमावास्या आली. मी दुपारपासून चिवडा परतत होते आणि आलं किसत होते. दिवस मावळताना खाली उतरले, उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना पणत्या ठेवल्या, तिसरी तुळशीपाशी, तिन्ही लावल्या, आणि वर जाऊन कंदिलाचं बटण दाबलं. शेवटची संध्याकाळ. नेम पुरा झाला होता. आता फक्त रात्र निभावली की झालं.

क्वायर आलं. मफलर गुंडाळलेली दहा-बारा मंडळी, एक गिटार, एक खंजिरी. नवराही त्याच वेळी बसमधून उतरून फाटकाशी पोहोचला आणि त्याला कोणीतरी गाणाऱ्यांतलाच समजून हातात गाण्यांचा कागद दिला. अंकलनी सगळ्यांना उंबऱ्यासमोर अर्धगोलात उभं केलं.

"पणत्यांक पाय लावूंक फावना," त्यांनी दम दिला. "फाटीं सरा."

सगळे मागे सरले. गाणं सुरू झालं. भाषा कोंकणी, चाल संथ, आणि आवाज इतके जुळलेले की पलीकडच्या घरांतल्या बायका फाटकांशी येऊन उभ्या राहिल्या. पहिलं कडवं संपत आलं आणि करंट गेला.

अख्खी गल्ली काळी झाली. माझा तारा विझला. अंकलच्या घरावरचा विझला. कोणाच्या खिडकीत काही उरलं नाही. गाणारे दोन क्षण चाचपडले. मग दिसायला जे उरलं होतं त्याच्याकडे सगळ्यांनी बघितलं. उंबऱ्यावर दोन ज्योती आणि तुळशीपाशी एक. अंकलनी हात वर केला आणि गाणं पुन्हा उचललं. आता त्यांच्या चेहऱ्यांवर खालून पिवळा उजेड होता आणि सगळे पणत्यांकडेच बघून गात होते.

गल्लीच्या तोंडाशी रिक्षाचा दिवा वळला. तो हळूहळू आला आणि आमच्या फाटकाशी थांबला. आतून आधी एक वेताची टोपली बाहेर आली, मग किल्ल्यांचा आवाज, मग अज्जी.

नवरा गर्दीतून सरकत माझ्याजवळ आला. "सामान बांधायला घेऊ?" तो पुटपुटला. गाण्याचा कागद अजून त्याच्या हातात होता.

अज्जी सरळ चालत आल्या. अर्धगोल आपोआप फाकला. गाणं थांबलं. अज्जी दाराशेजारच्या दगडी कट्ट्यावर बसल्या, टोपली मांडीवर घेतली आणि अंकलकडे बघितलं.

"का थांबलात? म्हणा," त्या म्हणाल्या. "कार्तिकाची अमावास्या आज. तिकडे बसून जीव राहीना. म्हटलं शेवटची पणती तरी बघावी."

त्यांनी गाणं पुरं ऐकलं. रिक्षावाल्यानंही इंजिन बंद करून ऐकलं. मग अज्जी उठल्या, उंबऱ्यापाशी वाकल्या. दगडावर पणत्यांखाली तेलाची दोन काळसर वर्तुळं उमटली होती. एका रात्रीत उमटणारी ती नव्हेत. त्यांनी एका वर्तुळावर बोट फिरवलं. मी मनात म्हटलं, झालं, पास.

अज्जींनी ते बोट नाकाशी नेलं.

"हे काय तेल?"

"शेंगदाण्याचं," मी म्हणाले.

"रोज?"

"रोज."

गिटारवाल्यानं तारांवर हात ठेवला.

"महिनाभर," अज्जी म्हणाल्या, "माझ्या उंबऱ्यावर तू फोडणी केलीस."

आंटींनी तोंडाला पदर लावला. मला कुठे बघावं कळेना, म्हणून मी तुळशीकडे बघितलं. तिथेही फोडणीच होती.

"आमच्याकडे तिळाचं घालतात. एळ्ळेण्णे," अज्जी पुढे म्हणाल्या. "पुढच्या कार्तिकात लक्षात ठेव. घाणा कुठे आहे ते मी दाखवते. डबा माझ्याकडून घे, तुझी ती किटली खाली आणू नकोस."

"पुढच्या कार्तिकात?" नवरा म्हणाला. "म्हणजे आम्ही राहायचं?"

अज्जी माझ्याकडे वळल्या. "ह्याला स्वल्प कमी ऐकू येतं का?"

तेवढ्यात करंट आला. वर तारा पेटला आणि सगळ्यांच्या माना वर गेल्या, अगदी पुण्यातल्यासारख्या. अज्जींचीही.

"आकाशबुट्टी," त्या म्हणाल्या. "हुबळीत समोरच्या मराठी घरी असायची. त्यांची याहून मोठी होती." एवढंच. माझी पंधरवड्याची धास्ती एका वाक्यात वारली, आणि वर माझा कंदील लहान ठरला तो ठरलाच.

"पण आज अमावास्या," अज्जी म्हणाल्या. "कार्तिक संपला. आता ही उतरायची."

"उतरायची?" अंकल पुढे झाले. "आतां तर आमचें सुरू जालें. तीन राय येता पर्यांत स्टार काडूंक जायना." तीन राय म्हणजे बाळ येशूला भेटायला आलेले तीन राजे, आणि त्यांचा सण जानेवारीत.

"तुमचा तुमच्या घरावर आहे की."

"पूण पहिलें हें. क्वायर हांगा गायलें."

"पहिलं दिवाळीत लागलं. आमचं आहे ते."

"कागद नाताळाचो आसा, अज्जी."

"काठी माझी आहे."

क्वायर चिवडा खात खात मान इकडून तिकडे करत होतं. मी चहाचे पेले वाटत होते आणि मला इतका आनंद झाला होता की एकाला दोनदा दिला. ज्या ताऱ्यापायी मी घर गमावणार होते, त्याच्यावर दोन घरं हक्क सांगत होती आणि माझं मत कोणी विचारतही नव्हतं. शेवटी माझ्या नवऱ्यानं, त्याला सगळ्या गोष्टी मार्गी लावायची सवय, घसा साफ केला.

"मी उतरवतो उद्या," तो म्हणाला. "शिडी कुठे आहे, अज्जी?"

अज्जींनी त्याच्याकडे पाहिलं, मग अंकलकडे. अंकल स्वेटरची बटणं चाचपत जमिनीकडे बघत होते.

"शिडी मागच्या खोलीत आहे," अज्जी म्हणाल्या. "तिची किल्ली कुठे ठेवली आठवत नाही. जानेवारीपर्यंत सापडेल."

आणि त्या घरात निघून गेल्या. कमरेचा जुडगा सगळ्या किल्ल्यांसकट खुळखुळत होता.